उजनीचे पाणी हिरवे होते तेव्हा आत काय घडते

उन्हाळा लागला की सोलापूर जिल्ह्यात दोन बातम्या ठरलेल्या असतात. एक, उजनी धरण मायनसमध्ये गेले, म्हणजे वापरायचे पाणी संपून पातळी मृतसाठ्यात उतरली. दुसरी, उजनीच्या पाण्याला हिरवा रंग आणि उग्र वास आला. पहिल्या बातमीवर आमदारांपासून पानटपरीपर्यंत सगळे बोलतात. दुसरीवर चार दिवस ओरड होते, नळाला फेसाळ पाणी आल्याचे फोटो फिरतात आणि पाऊस पडला की विषय मागे पडतो. हा लेख त्या दुसऱ्या बातमीबद्दल आहे.

हिरवे पाणी पाहिले की बहुतेकांना वाटते, शेवाळ फार वाढले. ते खरेच आहे, पण अर्धेच. वाढते ते एकदोन जातींचे शेवाळ, आणि त्याच वेळी पाण्यातल्या बाकीच्या कितीतरी जाती मागे हटतात. धरण हिरवेगार दिसते तेव्हा त्यातली विविधता बहुधा सर्वात कमी झालेली असते. असे का होते, हे समजले की धरण स्वच्छ करण्याच्या नावाखाली जे चालते त्यातले किती कामाचे आणि किती फुकटचे, हेही आपले आपल्याला ओळखता येते.

आधी धरण चांगल्या स्थितीत असताना त्याच्या एका थेंबात काय असते ते पाहू. पावसाळा सरला, गाळ खाली बसला, गार हवा सुटली की पाणी वरखाली चांगले ढवळले जाते. अशा वेळी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर सर्वात आधी नजरेत भरतात ते डायटम नावाचे एकपेशीय शेवाळ. त्यांच्या पेशीभोवती सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीच्या पदार्थाचे कवच असते. सायक्लोटेला वरून गोल दिसतो, नॅव्हिक्युला होडीसारखा निमुळता, आणि ऑलाकोसायराच्या नळकांडीसारख्या पेशी एकाला एक जोडून साखळी करतात. कवचावर इतक्या बारीक आणि नेमक्या रेघा असतात की त्यांवरून जात ओळखतात. त्यांच्याबरोबर हिरवी शैवाले असतात: चार-आठ पेशी ओळीत चिकटलेला सेनेडेस्मस, चक्राकार पेडियास्ट्रम. पाणी फारच निर्मळ असेल तर डेस्मिडही सापडतात. कॉस्मेरियमसारख्या डेस्मिडची एकच पेशी मधोमध आवळलेली असते आणि तिचे दोन्ही अर्धे भाग हुबेहूब सारखे असतात. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या, निव्वळ पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या तळ्यांत हे डेस्मिड चांगले नांदतात. शिवाय नील-हरित शैवालांच्याही काही पेशी असतातच. त्या मुळात जीवाणू, पण प्रकाशावर अन्न करणाऱ्या. त्या असणे वाईट नाही. त्या फार पूर्वीपासून पाण्यात आहेत आणि बाकीच्यांनी जागा अडवलेली असेपर्यंत बेताने राहतात.

एका थेंबात, त्याच सूर्यप्रकाशावर, त्याच विरघळलेल्या क्षारांवर इतक्या जाती कशा टिकतात? जी सर्वात जोरकस ती बाकीच्यांना संपवून का टाकत नाही? जी. ई. हचिन्सन या शास्त्रज्ञाने 1961 मध्ये हा प्रश्न नेमका मांडला आणि त्यावर आजही काम चालू आहे. उत्तराचा एक मोठा भाग टंचाईत आहे. चांगल्या पाण्यात प्रत्येक गोष्ट थोडी थोडी कमी असते. फॉस्फरस तोकडा, नायट्रोजन तोकडा, सिलिका कधी भरपूर तर कधी संपत आलेली. एखादी जात अगदी कमी फॉस्फरसवर भागवण्यात पटाईत असते, पण तिला सिलिका लागते. दुसरीला सिलिका नको, पण तिची नायट्रोजनची गरज मोठी. वारा सुटला, ढग आले, पाणी सोडले की परिस्थिती पुन्हा बदलते. कोणालाच सलग जिंकता येत नाही, म्हणून सगळे टिकून राहतात.

ही टंचाईची गोष्ट शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको. जमिनीत जस्त कमी असेल तर युरियाच्या कितीही गोणी टाका, ऊस तेवढाच वाढतो. जे सर्वात कमी, तेच वाढीला अडवते. पाण्यातल्या शेवाळाला हाच नियम लागू आहे. सरासरी धरली तर शेवाळाच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे 16 आणि कार्बनचे 106 अणू असतात. कार्बन हवेतून मिळतो. गोड्या पाण्यात बहुतेक वेळा अडते ते फॉस्फरसपाशी. त्याची गरज अगदी कमी, पण निसर्गात तो मिळतोही कमी. मिळाला तर मात्र एका किलो फॉस्फरसवर साधारण 100 किलो कोरडे शेवाळ तयार होऊ शकते.

आता उजनीच्या वर काय आहे ते पाहा. मुठा खडकवासल्यातून निघून पुण्यातून येते, पवना पिंपरी-चिंचवडमधून येऊन मुळेला मिळते, संगमावर मुळा-मुठा एक होतात. इंद्रायणी तुळापूरला भीमेत शिरते, मुळा-मुठा पुढे दौंडच्या वरच्या अंगाला. हे सगळे पाणी भिगवणच्या फुगवट्यात येऊन थांबते. माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो, त्यातला बराचसा लघवीतून. 2011 च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची लोकसंख्या मिळून सुमारे 48 लाख होती. म्हणजे कपडे-भांड्यांच्या पावडरी, कारखाने, दवाखाने काहीच न धरता, केवळ माणसांचा फॉस्फरस दिवसाला सात टनांच्या आसपास. हा हिशेब कागदावरचा आहे. सगळा फॉस्फरस धरणात पोहोचत नाही, काही शुद्धीकरण केंद्रांत अडतो, काही वाटेत गाळात बसतो. आणि तेव्हापासून दोन्ही शहरे वाढतच गेली आहेत.

त्यात इंदापूर, दौंड, बारामतीच्या उसाच्या पट्ट्यातून येणारे खत मिसळते. युरियातला नायट्रोजन नायट्रेट होऊन पाण्यात सहज विरघळतो आणि निचऱ्याबरोबर ओढ्याला लागतो. डीएपी किंवा 10:26:26 मधला फॉस्फरस मातीच्या कणांना घट्ट चिकटतो, पण पहिल्या जोराच्या पावसात मातीच वाहून जाते. शेती आणि शहर यांत दोष कोणाचा जास्त, यावर पुष्कळ वाद होतात. शेवाळ फोफावण्याच्या दृष्टीने सांडपाणी जास्त घातक आहे, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. शेतातला फॉस्फरस मुख्यतः पावसाळ्यात येतो, गढूळ पुराबरोबर, जेव्हा शेवाळाला वाढायला ना उजेड ना उसंत. सांडपाण्यातला फॉस्फरस विरघळलेल्या, लगेच घेता येईल अशा रूपात बारा महिने येतो. मार्च-एप्रिलमध्ये वरच्या धरणांतून पाणी सुटत नाही, नदीत वाहते ते बहुतांशी सांडपाणीच, आणि खाली धरण उन्हात तापत असते.

मग क्रमाने काय होते? सुरुवातीला, नवल वाटेल, पण विविधता थोडी वाढते. फारच उपाशी पाण्यात थोडे खत आले तर आधी न जगणाऱ्या काही जातींनाही जागा मिळते. हा टप्पा फसवा असतो, कारण या काळात तपासणी केली तर जातींची यादी लांब दिसते आणि सगळे ठीक आहे असा निष्कर्ष निघतो.

पुढचा टप्पा डायटमवर येतो. नायट्रोजन-फॉस्फरस वाढले की डायटमही जोरात वाढतात आणि पाण्यातली सिलिका वापरून टाकतात. सांडपाण्यातून फॉस्फरस रोज येतो, सिलिका मात्र खडक झिजून येते. ती त्या वेगाने कशी येणार? सिलिका संपली की डायटमची वाढ थांबते. त्यात उन्हाळ्यात वारा पडतो, वरचे पाणी तापून हलके होते, खालचे गार पाणी खालीच राहते आणि ढवळणे बंद होते. कवचामुळे जड असलेले डायटम ढवळणाऱ्या पाण्याच्या आधाराने तरंगतात. पाणी स्तब्ध झाले की ते खाली बसतात, तळाच्या अंधारात.

रिकाम्या झालेल्या जागेत मायक्रोसिस्टिस शिरते. उजनीत दिसणाऱ्या हिरव्या तवंगामागे बहुतेक वेळा हेच नील-हरित शैवाल असते. त्याची एक पेशी अगदी लहान, मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी. पण हजारो पेशी बुळबुळीत आवरणात एकत्र राहून डोळ्यांना दिसतील असे पुंजके करतात. प्रत्येक पेशीत हवा भरलेल्या सूक्ष्म नळ्या असतात, त्यांच्यामुळे पुंजका पाण्यात वर येतो. दिवसभर प्रकाशात साखर साठली की तो जड होऊन खाली जातो, तिथे तळाजवळचे क्षार मिळतात. साखर खर्च झाली की पुन्हा वर. स्तब्ध पाण्यात ही येजा करण्याची ताकद डायटमकडे नाही, बऱ्याचशा हिरव्या शैवालांकडेही नाही.

आणि इथेच विविधतेचा खरा घात होतो. फॉस्फरस भरपूर, नायट्रोजन भरपूर, म्हणजे खाण्यापिण्याची टंचाई संपली. आता टंचाई उरते ती एकाच गोष्टीची, उजेडाची. पूर्वी पाचसहा गोष्टींसाठी पाचसहा वेगवेगळ्या स्पर्धा चालत, म्हणून वेगवेगळे विजेते होते. आता एकच स्पर्धा उरली आणि ती जिंकतो तो जो सर्वात वर तरंगतो. मायक्रोसिस्टिसचा थर पृष्ठभागावर ऑइलपेंट ओतल्यासारखा पसरला की खाली हातभरावर अंधार. बाकीच्या जातींना त्या अंधारात मरण येते किंवा त्या विश्रांतीच्या अवस्थेत जाऊन तळाशी पडून राहतात. प्रकाशावर अन्न करण्यासाठी हे शैवाल हवेतला आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतक्या वेगाने ओढते की दुपारी पाण्याचा सामू (पीएच) नऊच्या वर जातो. तो सामूही अनेक जातींना सोसवत नाही.

उजनीची रचना या शैवालाच्या पथ्यावर पडते. धरणाची एकूण क्षमता 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या आसपास, मृतसाठा. म्हणजे पाण्याचा मोठा भाग दीर्घकाळ धरणातच राहतो. वाहत्या पाण्यात सावकाश वाढणाऱ्या जातींना जम बसवायला वेळ मिळत नाही, इथे हवा तेवढा वेळ आहे.

विविधता घटली हे मोजायचे कसे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण अहवालांत इथेच गफलत होते. समजा दोन नमुन्यांत प्रत्येकी 100 पेशी मोजल्या. पहिल्यात 20 जाती, प्रत्येकीच्या 5 पेशी. दुसऱ्यात 90 पेशी मायक्रोसिस्टिसच्या आणि उरलेल्या 10 पेशी 10 वेगवेगळ्या जातींच्या. नुसती यादी केली तर 20 विरुद्ध 11, म्हणजे साधारण निम्मे. शॅनन निर्देशांक काढला, जो प्रत्येक जातीचा वाटाही धरतो, तर पहिल्या नमुन्यात तो 3 येतो आणि दुसऱ्यात सुमारे 0.55. याचे सरळ आकड्यात रूपांतर केले तर पहिल्या पाण्यात 20 जाती खरोखर नांदतात, दुसऱ्यात जेमतेम पावणेदोन. बाकीच्या नावापुरत्या उरल्या. म्हणून 'अमुक इतक्या प्रजाती आढळल्या' एवढेच वाक्य असलेला अहवाल आला तर त्यावरून धरणाची तब्येत कळत नाही. कोणत्या जाती, हेही पाहावे लागते. सी. मर्व्हिन पामर याने 1969 मध्ये सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या शैवालांना गुण देऊन एक निर्देशांक केला. युग्लीना, ऑसिलॅटोरिया, सेनेडेस्मस, नित्झिया अशी मंडळी त्यात वरच्या गुणांची. एका नमुन्यातल्या अशा शैवालांच्या गुणांची बेरीज 20 किंवा अधिक झाली तर पाणी सेंद्रिय घाणीने भरलेले समजायचे. आपल्याकडच्या महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी हा निर्देशांक आजही वापरतात, आणि एवढ्या कमी खर्चात इतके सांगणारे साधन दुसरे क्वचितच असेल.

शेवाळाच्या जाती घटल्याने कोणाचे काय बिघडते? बरेच बिघडते. डायटम आणि लहान हिरवी शैवाले हे डॅफ्नियासारख्या पाणपिसवांचे चांगले अन्न आहे. या पाणपिसवा माशांच्या पिल्लांच्या तोंडी जातात. मायक्रोसिस्टिसचा पुंजका पाणपिसवेला गिळता येत नाही, गिळला तरी तो पोषक नाही. म्हणजे पाण्यात हिरवे खाद्य उदंड, पण खाणारे उपाशी. चिलापीला मात्र हे चालते, तिच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की नील-हरित पेशीही फुटतात. भिगवणच्या मासळी बाजारात चिलापीचे ढीग लागतात त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि माणसांचे. मायक्रोसिस्टिसच्या अनेक वाणांत मायक्रोसिस्टिन नावाचे विष असते, ते यकृतावर घाव घालते. 1996 मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात डायलिसिस केंद्राला पुरवलेल्या जलाशयाच्या पाण्यात हे विष होते. पन्नासहून अधिक रुग्ण त्यात दगावले. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली मर्यादा आहे लिटरला 1 मायक्रोग्रॅम. हे विष उकळून जात नाही. उलट पेशी फुटून आत साठलेले विष पाण्यात उतरते. मोरचूद टाकून शेवाळ मारले तरी तेच होते, रंग जातो आणि विष मोकळे होते. तवंग आलेल्या ठिकाणी जनावरांना पाण्यावर नेऊ नये, आणि अशा पाण्यात पोहणे टाळावे.

नायट्रोजन रोखायचा की फॉस्फरस, यावर जगात मोठा वाद झाला आणि त्याचा निकाल कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या तळ्यांत लागला. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये 226 क्रमांकाच्या तळ्याच्या मध्यावर पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू काही आठवड्यांत हिरवी झाली, दुसरी काळीशार निर्मळ राहिली. विमानातून घेतलेला तो फोटो धोरणे ठरवणाऱ्यांसमोर पुन्हा पुन्हा ठेवला गेला. शेजारच्या 227 क्रमांकाच्या तळ्यात 1990 पासून नायट्रोजन घालणे पूर्ण थांबवले, फॉस्फरस चालू ठेवला. तळे हिरवेच राहिले, कारण अ‍ॅनाबीनाच्या गोतावळ्यातली काही नील-हरित शैवाले हवेतला नायट्रोजन स्वतःच बांधून घेतात. फॉस्फरस कोणालाच हवेतून घेता येत नाही. नायट्रोजनही कमी करायला हवा, विषाचे प्रमाण त्यावरही अवलंबून असते, पण फॉस्फरस सोडून केवळ नायट्रोजनच्या मागे लागणे निष्फळ आहे.

आता आपल्या मूळ दुखण्याकडे येऊ. आपल्याकडे सांडपाणी शुद्ध झाले की नाही हे मुख्यतः बीओडीवरून ठरते, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला किती प्राणवायू लागेल यावरून. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेत मैलापाणी प्रकल्पांसाठी सामू, बीओडी, तरंगते कण आणि मलजन्य जीवाणू एवढ्यांचीच मर्यादा होती. नायट्रोजन-फॉस्फरसचे नावही नव्हते. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कडक मापदंड लावायला सांगितले, त्यात एकूण नायट्रोजन लिटरला 10 मिलिग्रॅम आणि तळी-जलाशयांत जाणाऱ्या पाण्यात फॉस्फरस 1 मिलिग्रॅम होते. हेही किती पुरेसे आहे पाहा. जलाशयात एकूण फॉस्फरस लिटरला सरासरी 35 मायक्रोग्रॅमच्या वर गेला की तो पोषकद्रव्यांनी समृद्ध समजतात, 100 च्या वर अतिसमृद्ध. एक मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. म्हणजे मापदंड तंतोतंत पाळणाऱ्या प्रकल्पातून बाहेर पडलेले, डोळ्याला नितळ दिसणारे पाणीसुद्धा अतिसमृद्ध जलाशयाच्या दहापट फॉस्फरस घेऊन येते. उन्हाळ्यात नदीत मिसळायला दुसरे पाणीच नसेल तर ते पातळ कशाने होणार?

सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनची गोष्ट म्हणूनच मला फार मोलाची वाटते. तिथे तळ्यात कच्चा मैला पडत नव्हता, शुद्ध केलेलेच सांडपाणी पडत होते. तरी 1955 मध्ये ऑसिलॅटोरिया या नील-हरित शैवालाने तळे व्यापले. डब्ल्यू. टी. एडमंडसन या प्राध्यापकाने कारण फॉस्फरस आहे हे आकड्यांसह लोकांसमोर मांडले. लोकांनी मतदान करून जास्त खर्च पत्करला, 1963 ते 1968 या काळात सगळे सांडपाणी तळ्यातून समुद्राकडे वळवले आणि काही वर्षांत पाणी नितळ झाले. 1976 पासून डॅफ्निया मोठ्या संख्येने परतल्या आणि पारदर्शकता आणखी वाढली.

उजनीत हे इतक्या लवकर होणार नाही. तिथून पाणी वळवून टाकायला जवळ समुद्र नाही, आणि ते वळवणे खालच्या लोकांना परवडणारेही नाही. फॉस्फरस पुण्यातच काढून घ्यावा लागेल. तोही जमला तरी धरणाच्या तळाशी चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा गाळ आहे. त्यातला फॉस्फरस लोहाला बांधलेला असतो, पण मेलेले शेवाळ तळाशी कुजून तिथला प्राणवायू संपला की लोहाची पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा वर येतो. बाहेरचा पुरवठा बंद केल्यावरही हा आतला पुरवठा बरीच वर्षे चालू राहू शकतो. त्यामुळे एखादे वर्ष काम करून रंग बदलला नाही म्हणून 'उपाय फसला' असे म्हणणे चुकीचे, आणि वरवर तवंग काढून घेऊन धरण साफ झाले म्हणणे त्याहून चुकीचे.

तोपर्यंत काठावरच्या गावांना एक साधी चाचणी करता येते. हातमोजे घालून काचेच्या बरणीत पृष्ठभागाच्या थोडे खालचे पाणी भरा, झाकण लावा आणि न हलवता रात्रभर ठेवा. हिरवा थर वर आला तर नील-हरित शैवाल असण्याची शक्यता जास्त, खाली बसला किंवा पाण्यात सारखा पसरलेला राहिला तर बहुधा दुसरे शैवाल. ही चाचणी विष आहे की नाही हे सांगत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. वर थर आला तर पाणीपुरवठा अधिकाऱ्यांकडे दोन आकडे लेखी मागावेत: या महिन्यात धरणात एकूण फॉस्फरस किती आणि पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन किती. बीओडीचा आकडा हातात ठेवला तर तो बाजूला ठेवून हेच दोन पुन्हा मागावेत.